अकराव्याची हजेरी

आमच्या गावचा मेलेल्यांचा एक क्रिकेट संघ होता आणि तो बहुतेक वर्षी जिंकत असे. यात मेलेल्यांचं कर्तृत्व फारसं नव्हतं. चांगले खेळणारे त्यांच्या बाजूला घालायचे आणि उरलेल्यांनी जिवंतांकडून खेळायचं, असा टाइमकीपरांचा नियम होता. कोणी कुरकुर केली की ते म्हणत, "जिवंतांना पुढे संधी आहे."

गाव रत्नागिरीकडचं, पण सामना नायगावात व्हायचा, कारण गावात बॅट उचलू शकेल असं कोणी उरलंच नव्हतं. सगळे मुंबईला. वरच्या वाडीचे आम्ही लालबागच्या एका चाळीत दोन मजले व्यापून होतो. खालच्या वाडीचे, म्हणजे महारवाड्यातले, नायगावच्या बीडीडी चाळींत. गावी दोन वाड्यांच्या मधून ओढा वाहायचा. मुंबईत मधे फक्त परळ होतं, पण माणसं तेही ओढ्यासारखंच जपून ओलांडत.

टाइमकीपर खालच्या वाडीचे. परळच्या एका गिरणीत ते टाइम ऑफिसात होते. वय पन्नाशीचं, अंग काटकुळं, वर जाड ड्रिल कापडाचा पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात घड्याळ. हे घड्याळ त्यांनी गिरणीच्या भोंग्याशी जुळवलेलं नव्हतं, कारण त्यांच्या मते भोंगाच कधीकधी पुढे असे. वेळ झाली की गेट बंद. बाहेर राहिला तो गैरहजर, मग तो खात्याचा मुकादम म्हणजे जॉबर असो की जॉबरचा मेहुणा. एकदा ट्राम बंद पडल्यामुळे ते स्वतःच उशिरा पोचले. आधी त्यांनी मस्टर उघडून स्वतःची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लावली आणि मग पाणी प्यायले. "मस्टरात दोनच रकाने असतात," ते म्हणत. "हजर आणि गैरहजर. 'येतोच आहे' असा रकाना नसतो."

लग्नाला गेले तर मुहूर्ताच्या मिनिटाला घड्याळ बघत. भटजी रेंगाळला, किंवा नंतरच्या काळात भन्तेजी रेंगाळले, की अक्षता, फुलं जे हातात असेल ते शेजाऱ्याच्या हातात देत आणि म्हणत, "वेळ गेली. आता चाललंय ते जेवण." आणि खरोखरच न जेवता निघून जात.

गावी वरच्या वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना 'अरे' म्हणे. वर्षातून एक दिवस मात्र तीच माणसं त्यांना 'अहो अंपायर' म्हणत. गिरणीतला तोच ड्रिलचा कोट त्या दिवशी अंपायरचा कोट असे, आणि 'अहो' त्या कोटाला होतं. सामना संपल्यावर उकाड्यातही ते कोट काढत नसत. तसेच बटणं लावून घरी जात. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत मी ते त्यांच्या विक्षिप्तपणात जमा केलं होतं.

सामन्याचं मूळ गावच्या चावडीत होतं. चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धानंतर सरकारने एक दगड बसवला होता. या गावातून अमुक माणसं युद्धास गेली, पैकी अकरा जणांनी प्राण दिले, एवढंच त्यावर कोरलेलं. नाव एकाचंही नव्हतं. सरकारचं आकड्यावर भागलं होतं. टाइमकीपरांचं भागलं नाही. त्यांचा थोरला भाऊ लखू त्या युद्धात गेला होता, तेव्हा हे आठ वर्षांचे होते. पुढे मस्टर लिहायची नोकरी लागल्यावर त्यांना त्या दगडाचा राग येऊ लागला. नुसती बेरीज आणि वर नावं नाहीत, असं मस्टर त्यांनी गिरणीत कोणाकडून चालवून घेतलं नसतं.

मग सुट्टीत गावी जाऊन त्यांनी घरोघर विचारलं. वरच्या वाडीत अंगणाबाहेर उभं राहून विचारलं. कोण गेलं, कधी गेलं, कुठे गेलं. दहा नावं जमली. सहा वरच्या वाडीची, चार खालच्या. अकरावं नाव मिळेना. दोन्ही वाड्यांत आणखी कोणाच्या घरातला माणूस युद्धातून परत यायचा राहिलेला नव्हता. तरी दगड अकरा म्हणत होता.

त्यांची स्मृती जपायला क्रिकेटच का, असं मी त्यांना एकदा विचारलं. भजन ठेवता आलं असतं, सभा घेता आली असती. ते म्हणाले, "सभेत भाषण करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. श्राद्धाला जेवण लक्षात राहतं. क्रिकेटमध्ये दर पाच मिनिटांनी कोणीतरी येतो आणि विचारतो, बॅटिंग कोण करतंय?"

त्यासाठीच त्यांनी प्रथा घातली. अकरा खेळाडू अकरा मेलेल्यांच्या नावाने खेळायचे. ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने बॅटिंग. पाटीवर नाव मेलेल्याचं, धावा मेलेल्याच्या. नावं वाटताना ते मुद्दाम उलटी वाटत. वरच्या वाडीच्या पोराला खालच्या वाडीचा मेलेला, खालच्याला वरचा. मंडळाचे अध्यक्ष लालबागेत मसाला कुटण्याच्या डंखाचे मालक होते. त्यांच्या मुलाला सात वर्षं खालच्या वाडीतल्या एकाच्या नावाने 'हजर' म्हणावं लागलं. त्याची त्या माणसाच्या नावावर दोन अर्धशतकं आहेत.

नोव्हेंबरात ज्या तारखेला ते युद्ध थांबलं, तिच्या लगतच्या रविवारी हे सगळं चाले. युद्ध सकाळी अकराला थांबलं होतं, म्हणून हजेरीही अकराला. टाइमकीपर पिचच्या मधोमध उभे राहून मस्टर उघडत आणि एकेक नाव घेत. खेळाडू 'हजर' म्हणे. दहा नावं झाली की ते थांबत. एक नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. मग अकरावा म्हणे, "हजर."

तो अकरावा मी. अकरावा कधी गेला हे माहीत नसल्यामुळे तो शेवटी खेळायचा, चांगले खेळणारे दहातच संपत, आणि शेवटी खेळायला माझ्याइतका लायक माणूस दोन्ही वाड्यांत नव्हता. मी फोर्टात कारकून होतो, पुस्तकं वाचायचो आणि चेंडू पाहिला की डोळे मिटायचो. माणसाला आयुष्यात अनेक नावांना 'ओ' द्यावी लागते. मी दरवर्षी एका शांततेला 'ओ' देत होतो.

पहिल्या वर्षीची पाण्याची गोष्ट मला वडिलांनी सांगितली. वरच्या वाडीने आपलं पिंप वेगळं आणलं होतं. टाइमकीपरांनी ते पाहिलं. पाण्याच्या सुट्टीची वेळ आली तशी गेली. "अहो अंपायर, पाणी?" कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, "मैदानावर दोन पिंपं दिसतात. नियमात एकाच सुट्टीचा उल्लेख आहे. कोणत्या पिंपासाठी सुट्टी द्यायची ते ठरवा, तोवर खेळा." असा कुठलाही नियम नाही. पण ते कोणाला माहीत नव्हतं, आणि ऊन होतं. तासाभराने वरच्या वाडीचा विकेटकीपर खालच्या वाडीच्या पिंपापाशी गेला आणि तांब्या तोंडाला लावला. पुढल्या वर्षीपासून पिंप एकच आलं.

संघात चौथा म्हणजे त्यांचा लखू. चौथ्याच्या नावाने खेळणाऱ्याच्या पायाला चेंडू नुसता चाटून गेला तरी टाइमकीपरांचं बोट वर. भावाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून. इतक्या वर्षांत लखू नऊ वेळा पायचीत झाला, त्यातला खरा एखादाच असेल. एकदा मी म्हटलं, "टाइमकीपर, लखूवर अन्याय होतोय." ते म्हणाले, "घरचा आहे. सोसेल."

अकराव्याचा शोध मात्र चालूच होता. दरवर्षी सामन्याआधी ते माझ्याकडे येत आणि मी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला इंग्रजीत पत्र लिहून देई. दरवर्षी उत्तर येई की आपल्या पत्राकडे लक्ष पुरवण्यात येत आहे. असं लक्ष पुरवता पुरवता त्यांनी नऊ जणांचे कागद पाठवले. लखूचा कागद सापडत नव्हता आणि अकराव्याचं नाव सापडत नव्हतं. एका माणसाचा कागद नाही आणि एका कागदाचा माणूस नाही, ही दोन वाक्यं आम्ही वर्षानुवर्षं एकाच पत्रात लिहीत होतो. मी गणितात पास झालो होतो याचं आता मला नवल वाटतं.

मग छप्पनच्या जानेवारीत मुंबईसाठी दंगा पेटला आणि गोळीबारात आमच्या मजल्यावरचा वसंता गेला.

वसंता माझ्या बरोबरीचा. गिरणीत बदलीवर जायचा आणि मेलेल्यांच्या संघातून पहिला खेळायचा. त्याची आई गावच्या बिऱ्हाडाविना राहणाऱ्या माणसांची खानावळ चालवायची. आम्ही तिला काकी म्हणत असू. चाळीत दोन पक्ष पडले होते. वसंता मोर्चात होता असं एक पक्ष म्हणे, नुसता बघायला गेला होता असं दुसरा. काकींना दोन्ही पक्षांचा कंटाळा आला होता. हरताळ होता, दुकानं बंद होती, कालवणाला नारळ नव्हता. कोपऱ्यावरचा दुकानदार अर्धी फळी उघडून ओळखीच्यांना माल देतो म्हणून काकींनीच त्याला धाडलं होतं. तो नारळ घेऊन परत येत होता.

त्या वर्षी सामन्याच्या तयारीची बैठक अध्यक्षांच्या डंखात भरली. तिथे दिवसभर मिरची कुटली जायची, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला शिंका येत आणि डोळ्यांतून पाणी वाहे. दुखवट्याचा ठराव अशा वातावरणात मंजूर झाल्यामुळे फार परिणामकारक वाटला. निवडणूक जवळ आली होती. अध्यक्षांनी एका उमेदवाराला पाहुणे म्हणून बोलावलं होतं, लाउडस्पीकर ठरवला होता, हारांची ऑर्डर दिली होती.

"आणि अकरावा रिकामाच आहे," अध्यक्ष नाक पुसत म्हणाले. "तिथं आपला हुतात्मा वसंत. पाहुण्यांच्या हस्ते नाव जाहीर करू."

"रिकामा नाही," टाइमकीपर दारातून म्हणाले. ते नेहमी दारातच उभे राहत. "नाव माहीत नाही, एवढंच."

"चाळीस वर्षं माहीत नाही. मग आहे कोण तो?"

"ते त्यालाच विचारायला पाहिजे. पण जागा त्याची आहे."

"मग बारावा करा वसंताला," कोणीतरी तोडगा काढला. "बारावा गडी असतोच की."

काकी कोपऱ्यात मिरच्यांच्या पोत्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "बारावा काय करतो रे?" मी सांगितलं की तो खेळत नाही. कोणी पडला तर धावतो, बाकी मैदानात पाणी नेऊन देतो.

"नको," काकी म्हणाल्या. "आणून देण्यापायीच गेलाय तो."

यावर मात्र कोणी शिंकलंसुद्धा नाही.

बैठक संपल्यावर काकी बाहेर टाइमकीपरांपाशी आल्या. "मला ती भाषणं नकोत," त्या म्हणाल्या. "तिथं त्याच्या हातात झेंडा देतात. तुमच्या मस्टरात खोटं नसतं म्हणतात. म्हणून तिथं पायजे. एकदा नाव घ्या त्याचं. जसा होता तसा."

टाइमकीपरांनी घड्याळ काढलं, पाहिलं, ठेवलं. वेळ बघायचं काही कारण नव्हतं. "जागा माझी असती तर दिली असती," ते म्हणाले. "माझी नाही. दुसऱ्याची कशी देऊ?"

काकी जिना चढून गेल्या. मला त्यांचा राग आला होता. म्हणजे टाइमकीपरांचा. एका अज्ञात शिपायाच्या हक्कासाठी समोर उभ्या असलेल्या आईला नाही म्हणणारा माणूस मला तत्त्वनिष्ठ वाटेना, दगड वाटला. चावडीतल्यासारखा.

त्या दसऱ्याला टाइमकीपर आयुष्यात पहिल्यांदा रजा घेऊन नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. त्यांच्या चाळींतून त्या दिवसांत जुने देव खाली उतरत होते. आमच्या चाळीत त्यावर कुजबुज चालायची. त्यांच्यात बदल म्हणाल तर मला इतकाच दिसला की ते थोडे ताठ चालू लागले.

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र सामन्याच्या आठवड्यात आलं. ते पाकीट न फोडता घेऊन आले आणि माझ्या दारात उभे राहिले. मी फोडून वाचलं. नेहमीचं लक्ष पुरवण्याचं वाक्य नव्हतं. त्या गावचा आणखी एकच शिपाई आपल्या दफ्तरात आढळतो, असं लिहिलं होतं. नाव सखाराम सावंत. जात मराठा. बगदादच्या अलीकडे लढाईत पडला. घरच्यांचा शोध लागला नाही. जवळचा नातेवाईक म्हणून त्याने धाकट्या भावाचं नाव दिलं होतं.

ते नाव मी वाचलं आणि थांबलो.

"वाच परत," टाइमकीपर म्हणाले.

मी परत वाचलं. भावाचं नाव, बापाचं नाव, गाव. ते नाव टाइमकीपरांचं होतं.

ते जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "त्या वर्षी पलटणीत महारांना घेत नव्हते."

मग सगळं सरळच होतं. लखू सावंत म्हणून भरती झाला होता. तो परत आला नाही म्हणून पाटलाने सरकारला लखू कळवला आणि पलटणीने सखाराम सावंत कळवला. दगड कोरणाऱ्याने बेरीज केली. माणसं दहाच मेली होती. टाइमकीपर इतकी वर्षं पिचच्या मधोमध थांबत होते ते स्वतःच्या भावासाठी, आणि तो बिचारा सात विकेटआधीच खेळून गेलेला असे.

"मस्टर खोटं लिहू नये म्हणून मी जगाला सांगतो," ते म्हणाले. "आणि आमच्याच घरातून खोटं मस्टर गेलं." मग जरा हसले. "पण भावाचं नाव खरं दिलं बघ. तिथं नाही खोटं बोलला."

"आता काय करायचं? दहाच म्हणून सांगायचं?"

ते उठले आणि कोटाची बटणं लावली. "तुमची खानावळवाली काकी घरी असेल का?"

काकींच्या दारातही ते उंबऱ्याबाहेरच थांबले. मी पत्र वाचून दाखवलं, त्यांनी अर्थ सांगितला. काकी हातातलं तांदळाचं सूप खाली न ठेवता ऐकत होत्या.

"त्या दिवशी जागा दुसऱ्याची होती," टाइमकीपर म्हणाले. "आता ती माझ्या भावाची निघाली. त्याला एक पुरे. दुसरी मला देता येते."

काकींनी सूप खाली ठेवलं. "त्याला विचारायला नको?"

"लखू नाही म्हणणार नाही. तोही भलत्याच नावावर गेला. त्याला कळेल."

आम्हा दोघांना त्यांनी एक अट घातली, कोणाला सांगायचं नाही. वरच्या वाडीला कळलं असतं तर आमचं नाव चोरलं म्हणून लखूलाच मस्टरातून काढा म्हणाले असते. खालच्या वाडीने नुकतीच एक जात अंगावरून उतरवली होती. तिथल्या पोरांना आपला शूर माणूस दुसऱ्याच जातीमागे लपला होता हे ऐकून मान खाली घालावीशी वाटली असती. "लोक विचारतील ना, नाव कसं घातलं म्हणून," मी म्हटलं. ते म्हणाले, "म्हणतील टाइमकीपर अध्यक्षांपुढे वाकला. म्हणू देत."

आणि लोक तसंच म्हणाले. त्यांच्या चाळीतलेही म्हणाले. उभ्या आयुष्यात एका मिनिटाची सूट न दिलेला माणूस एका मसालेवाल्यापुढे वाकला, ही बातमी गिरणीतही पोचली. काही दिवस जॉबर लोक गेटवर मुद्दाम उशिरा येऊन डोळा मारत. ते गेट लावून घेत. आज त्या दोन्ही वाड्यांत दुखावलं जाईल असं कोणी उरलेलं नाही, म्हणून मी हे लिहितो आहे.

सामन्याच्या दिवशी मैदान भरलं होतं. एका बाजूला बीडीडी चाळींच्या गॅलऱ्या, दुसऱ्या बाजूला पोलिसांच्या चाळी. त्या बाजूला गेलेला चेंडू आणायला त्या वर्षी कोणी जात नव्हतं. काकी एका झाडाखाली बायकांत बसल्या होत्या. अकरा वाजले. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. अध्यक्ष धावत आले, "अहो अंपायर, पाच मिनिटं. येतच आहेत ते." टाइमकीपरांनी त्यांच्याकडे अशा करुणेने पाहिलं की अध्यक्ष स्वतःच बाजूला झाले.

मस्टर उघडलं. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याचं नाव त्यांनी घेतलं, "लखू", आणि अध्यक्षांचा मुलगा "हजर" म्हणाला. त्या वर्षी तो लखू होता. दहावा झाला. ते थांबले नाहीत. वसंताचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट.

'हजर' मला म्हणायचं होतं. इतकी वर्षं मी रिकाम्या जागेला बिनचूक उत्तर देत आलो होतो. नाव आलं तेव्हा मी झाडाखाली काकींकडे बघत राहिलो. टाइमकीपर पेन्सिल धरून उभे. रकाने दोनच होते, हे मला माहीत होतं.

"आहे," झाडाखालून काकी म्हणाल्या. "लिवा. हजर."

त्यांनी लिहिलं. खेळ सुरू झाला.

उमेदवार पंचवीस मिनिटांनी आले. टाइमकीपरांनी त्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत हारांसकट उन्हात बसवून ठेवलं. पहिला चेंडू त्यांच्या हस्ते टाकायचा होता, पण तो आधीच टाकून झाला होता. सुट्टीत त्यांनी लाउडस्पीकरवर भाषण केलं. आवाज चांगला होता. वीर वसंत छातीवर गोळी झेलून पडला तरी हातातला झेंडा त्याने खाली पडू दिला नाही, असं ते म्हणाले.

"नारळ होता," काकी म्हणाल्या.

मोठ्याने म्हणाल्या नाहीत, पण झाड लाउडस्पीकरजवळ होतं आणि पाहुणे श्वास घ्यायला थांबले होते. पोलिसांच्या चाळीकडे मघा गेलेला एक चेंडू तसाच पडून होता. एका हवालदाराने तो उचलला. फेकला नाही. चालत सीमेपर्यंत आला, चेंडू रेषेवर ठेवला आणि परत गेला. टाइमकीपरांनी घड्याळ पाहून सुट्टी संपल्याचं जाहीर केलं. भाषणही त्यात संपलं.

मी खेळायला गेलो तेव्हा मेलेल्यांना जिंकायला तीन धावा हव्या होत्या. पाटीवर वसंताचं नाव लागलं. कडेने कोणीतरी आलं आणि विचारलं, "बॅटिंग कोण करतंय?" दहा-बारा जणांनी एकदम सांगितलं. मी त्या दिवशी डोळे उघडे ठेवले. चेंडू सगळा दिसला. फक्त पाय मधे आला. माझ्या मते चेंडू लेगला जात होता. मी टाइमकीपरांकडे पाहिलं. बोट वर होतं.

त्या वर्षी मेलेले हरले.

काकी पदर सावरत पिचपर्यंत आल्या. "काय झालं? किती केले त्यानं?"

"शून्य, काकी. पायचीत."

टाइमकीपरांनी स्वतःचा पाय पुढे टाकून त्यांना चेंडू कुठून आला, दांड्या कुठे होत्या, पाय कुठे होता, ते समजावलं. काकींनी डॉक्टरचं ऐकावं तसं ऐकलं. मग म्हणाल्या, "कुठं लिवलंय ते दाखवा." त्यांना वाचता येत नव्हतं. टाइमकीपरांनी मस्टर पुढे धरलं आणि ओळ दाखवली. काकींनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"पुढल्या वर्षी पाय आड आणू नको हां," त्या मला म्हणाल्या.

मग टाइमकीपरांना म्हणाल्या, "चला. जेवायला."

लालबागेपर्यंत आम्ही तिघं चालत आलो. खानावळीत पंगत बसली होती. टाइमकीपर या वेळी उंबऱ्यापाशी थांबले, पण काकींनी आत पाट मांडून ठेवला होता. वरच्या वाडीचे दोघे पानावरून उठावं की काय अशा विचारात पडलेले दिसले, पण बांगड्याचं कालवण नुकतंच वाढलं होतं. टाइमकीपर आत आले. खोलीत उकडत होतं. त्यांनी कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट काढला, खुंटीला लावला आणि नुसत्या सदऱ्यावर पाटावर बसले.

काकी भाताचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "भात पुढं घ्या ना. लाजता काय."